हरवला नाही, नेला

फिनेलचा वास आला की रायपूरचं ते पोलीस ठाणं आठवतं आणि आजही माझं डोकं तापतं. मी तेव्हा शंकर नगरातल्या एका वकिलांकडे ज्युनिअर होते. रेल्वेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या विदर्भातल्या एका बाईंसोबत मी तक्रार द्यायला गेले होते. त्यांचा मुलगा खाणींविरुद्ध बातम्या लिहायचा. आदल्या दिवशी भरदुपारी वर्दीतल्या माणसांनी त्याला घरातून ओढून जीपमध्ये घातलं होतं. नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर आम्हाला बराच वेळ उभं ठेवून ठाण्यातला लिखापढी करणारा हवालदार, मुन्शी, म्हणाला, "हमने किसी को नहीं उठाया. गुमशुदगी लिखवा दो, अम्मा. घर से क्या पहनकर निकला था?" बाई म्हणाल्या, "निघाला नाही तो! माह्या डोळ्यांदेखत नेलं त्याले. मंग हरवला काहून लिहू?" मी अपहरणाचा गुन्हा नोंदवा म्हटलं, तर तो हसला, "पुलिस पर, मैडम?" हरवल्याच्या तक्रारीवर बाईंनी सही केली नाही. पुढे मुलाला हजर करा म्हणून आम्ही हायकोर्टात याचिका केली; तिथेही पोलिसांनी 'तो आमच्याकडे नाही' एवढंच सांगितलं आणि याचिका निकाली निघाली. मुलगा अजून परतलेला नाही. नवे फौजदारी कायदे आले तेव्हा मी संतापानं पान न् पान वाचलं. गळ्यातली साखळी हिसकावणं आता स्वतंत्र गुन्हा आहे. आईसमोरून मुलगा उचलून 'आम्ही नेलाच नाही' म्हणणाऱ्या सरकारी माणसाच्या गुन्ह्याला मात्र या देशाच्या कायद्यात अजून नावसुद्धा नाही.