ओस्वाल्दोनं मागून घेतलेलं वर्ष

रोमिनाला आमच्या गल्लीत कुणी रोमिना म्हणत नसे. लहानपणापासून ती काडी. अंगानं तशीच, आणि पेटायलाही वेळ लागायचा नाही. तिचा बाप ओस्वाल्दो अर्जेंटिनातल्या आमच्या रोसारियोत शहर बस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या क्लबात बोचासच्या खेळात जड गोळे नेमानं टाकत बसायचा. क्लबाचं कँटीन माझ्याकडे, त्यामुळे त्या बापलेकीचं निम्मं आयुष्य माझ्या डोळ्यांसमोरच गेलं.

काडी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकत होती. शेवटच्या वर्षाला तिनं ठरवलं, डॉक्टरेटला अमेरिकेत जायचं. पाराना नदीला क्वचित येणारे मोठे पूर कसे ओळखायचे, नदीतल्या बेटांवरच्या लोकांना आधी कसं सांगायचं, यावर तिला काम करायचं होतं. असा अर्ज म्हणजे काय भानगड असते हे मला तिच्यामुळे कळलं. इंग्रजीची परीक्षा, गुणपत्रिकांची भाषांतरं, स्वतःबद्दल दोन पानी निबंध आणि तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रं. पत्रं प्राध्यापकांनी परस्पर पाठवायची; मुलांना संगणकावर एवढंच दिसतं, पोचलं की नाही.

मी एम्पनाडा, आमच्याकडच्या तिखट करंज्या, वळत असताना ती निबंध वाचून दाखवायची.

"नेलीमावशी, फुशारकी मारल्यासारखं वाटतंय का गं?"

"मार की! तिथं तुला कोण ओळखतंय? तू नाही सांगितलंस तर काय मी जाऊन सांगू?"

ओस्वाल्दोचं तर विचारूच नका. अख्ख्या बसला ऐकवायचा, "माझी काडी डॉक्टर होणार. सुई टोचणारी नव्हे, आकड्यांची!" त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. पोरीचं कौतुक हेच त्याचं जेवणखाण, असं आम्हाला वाटायचं.

डिसेंबरात दोन पत्रं पोचलेली दिसली. तिसरं दिसेना. ते इवाल्दीबाईंचं होतं. काडी त्यांच्याच हाताखाली घडलेली. त्यांच्या वर्गाची प्रात्यक्षिकं तीच घ्यायची, त्यांच्या पाहण्यांची आकडेमोडही तीच करायची. ती विचारायला गेली तर बाई हसल्या.

"अगं, मी थेट तिथल्या विभागप्रमुखांना लिहिलंय. सगळे ओळखीचे आहेत. संगणकावर उमटायला उशीर होतो. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

काडीला पटलं. ज्या बाईनं आपल्या खोलीची किल्ली तिला देऊन ठेवली होती, तिच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?

मार्चपासून नकार यायला लागले. प्रत्येक नकाराला ओस्वाल्दो तिला कुशीत घ्यायचा आणि म्हणायचा, "नुकसान त्यांचंच. पुढच्या वर्षी परत करू." शेवटचा नकार आल्यावर तिनं एका विद्यापीठाच्या कार्यालयाला विचारलं, माझं कुठं कमी पडलं? तिथल्या कुण्या भल्या बाईनं उत्तर धाडलं. अर्ज समितीपुढे गेलाच नव्हता. तिसरं पत्र आलंच नाही. प्राध्यापकांना वारंवार आठवण केली होती.

काडी तडक इवाल्दीबाईंकडे गेली. बाईंनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझे वडील नोव्हेंबरात आले होते. रडले माझ्यासमोर. म्हणाले, एक वर्ष थांबवा तिला. आणि खरं सांगू, मलाही तू इथं हवीच होतीस."

तिथून ती क्लबात आली. खेळ रंगला होता. ओस्वाल्दो गोळा हातात घेऊन नेम धरत होता.

"पपा, तू इवाल्दीबाईंकडे गेला होतास?"

"कोण म्हणालं?"

"त्याच म्हणाल्या. गेला होतास?"

त्याच्यासोबत खेळणारा जाडा नोर्बेर्तो मध्येच बोलला, "अगं पोरी, काय झालं ते घरी जाऊन..." काडीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

ओस्वाल्दोनं गोळा खाली ठेवला. "एकच वर्ष मागितलं गं. तुझी आई गेल्यापासून घर खायला उठतं. म्हटलं, वर्षभरात होईल सवय."

"मग माझ्याकडे मागायचंस."

"तू दिलं असतंस?"

"दिलं असतं," काडी म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"नकार आला की मला जवळ घ्यायचास, पपा. प्रत्येक वेळी."

"मला खरंच वाईट वाटायचं, काडे."

"माहितीये मला. तेच तर."

त्या दिवसापासून ती माझ्या कँटीनच्या माडीवरच्या खोलीत राहिली. ओस्वाल्दो डबा आणून काउंटरवर ठेवायचा. ती खायची, पण खाली यायची नाही. पुढच्या वर्षी परत अर्ज केला तेव्हा तिसरं पत्र एका निवृत्त सरांनी दिलं. ते माझ्याच कँटीनमध्ये कॉफी पीत बसले होते. म्हणाले, घरी जाऊन पाठवतो. काडी म्हणाली, "नाही सर, आत्ता. माझ्यासमोर." म्हाताऱ्याचा चेहरा उतरला, पण त्यांनी तिथंच फोनवरून पाठवलं.

तिला जागा मिळाली, एका थंड गावात, शिष्यवृत्तीसकट. निघताना विमानतळाकडे जाणाऱ्या बसच्या स्थानकावर ओस्वाल्दो जाड कोट घेऊन आला. तिनं कोट घेतला, गालही पुढे केला. बस हलली तसे आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. त्यानं एवढंच विचारलं, "तुला फोन करेल ना?"

फोन ती त्यालाही करते, दर रविवारी. हवा कशी, जेवलास का, गोळ्या घेतोस ना, सगळं विचारते. स्वतःचं मात्र काही सांगत नाही. गेल्या वर्षी ती तिथली मोठी पात्रता परीक्षा पास झाली. मला वाटलं, बापाला ठाऊक असणारच. म्हणून मी सहज त्याचं अभिनंदन केलं.

"कधी झाली?" त्यानं विचारलं.

"मे महिन्यात."

ऑगस्ट अर्धा सरला होता. ओस्वाल्दो कपातली कॉफी ढवळत राहिला.

"परवाच बोललो आम्ही," तो म्हणाला. "म्हणत होती, तिकडे सध्या उन्हाळा आहे, फार उकडतंय." मग कप बाजूला सारून म्हणाला, "नेली, तिला सांगू नकोस, मला कळलंय म्हणून."