पोच दाखवा

अर्जवाले काका नमस्काराला नमस्कार करत नसत. आधी विचारत, "कोण गेलं, आणि कुठं?" बिबवेवाडीत जन्ममृत्यूच्या नोंदी होतात त्या कचेरीबाहेर, स्वतः कारकुनीतून निवृत्त झाल्यावर, ते रोज बाकड्यावर बसायचे. कुणी म्हणालं, "गावी नेऊन अग्नी दिला," की म्हणत, "नेलंत कुठं ते राहू द्या. जीव पुण्यात गेला ना? मग नोंद पुण्यात."

एकदा एक गृहस्थ शेजाऱ्याचा दाखला काढायला आले. शेजारी कशानं गेला, एवढंच त्यांना हवं होतं. काका म्हणाले, "दाखला कुणालाही मिळतो. त्यात कारण नसतं. कारण हवं असेल तर समोर चहाची टपरी आहे, तिथं तीन-चार मिळतील."

मी देगलूरकडची, सातवीत शाळा सुटलेली, इथं शिवणकाम करते. माझ्यासोबत खोलीत राहणारी सरू तापानं गेली. आईच्या मृत्यूच्या दाखल्यावाचून तिच्या लेकीचा वसतिगृहातला प्रवेश अडला. खिडकीवर म्हणाले, "रक्ताचं कुणीतरी आणा." त्या लहान लेकीशिवाय सरूला रक्ताचं कुणी नव्हतं. मी बाहेर येऊन रडले.

"आपलं आटोपलं की सांगा," काका म्हणाले. "कायद्यात 'कोणीही' लिहिलंय. आपण त्यात बसता की नाही?"

"काका, तुम्हीच लिहा ना अर्ज. माझं अक्षर..."

"अक्षराला कोण विचारतंय? पेन धरा. नात्याचा रकाना कोरा सोडायचा नाही, खोटाही भरायचा नाही. नाही म्हणाले तर म्हणायचं, लेखी द्या."

मी लिहिलं, 'एका खोलीत राहायचो.' खिडकीवर पुन्हा नाही म्हणाले, तसं मी म्हणाले, लेखी द्या. मग अर्ज घेतला. बाहेर आले तर काकांनी हात पुढे केला, "पोच दाखवा." शिक्का नीट उमटलाय का ते उन्हात धरून पाहिलं, मगच सोडलं. मुलगी आता नववीत आहे.

यंदा काका गेले. काकूंना जिना उतरवत नाही, म्हणून दाखल्याला मीच गेले. खिडकीवर नवा माणूस होता. नात्याचा रकाना वाचून म्हणाला, "'यांनी मला अर्ज लिहायला लावला'? हे काय नातं झालं, ताई?"

"चालत नसेल तर तसं लेखी द्या," मी म्हणाले.

त्यानं शिक्का मारला. मी बाहेर आले, पोच उन्हात धरली, शिक्का नीट उमटला होता. बाकड्यावर कुणी नव्हतं. तरी थोडा वेळ ती तशीच धरून उभी राहिले.