दोन जावांचं सामायिक फोल्डर

भरतकामाचं मशीन चालवणाऱ्या बायका पुष्कळ. मशीनसाठी डिझाइन तयार करणारी आमच्या गल्लीत एकच. तिला सगळे थोरली म्हणतात, कारण तिला धाकटी जाऊ आहे आणि दोघींचा धंदा एकत्र. थोरलीचं मशीन घराच्या पुढच्या खोलीत, धाकटीचं बाजारातल्या दुकानात. फूल कागदावर काढायचं, मग कॉम्प्युटरवर एकेका पाकळीचा टाका कुठून कुठे पळेल ते ठरवायचं, हे थोरलीचं काम. गिऱ्हाईक धाकटीने सांभाळायचं. तिची जीभ त्यासाठीच घडवलेली.

थोरली कामाला वाघीण, पण साफसफाईचं वेड भारी. संध्याकाळी टेबलावर दोऱ्याचं टोकसुद्धा राहू द्यायची नाही. नवरा म्हणतो, "मी जरा वेळ हललो नाही, तर ही मलाही केरात भरेल."

धाकटीची लेक दुसऱ्या गावी नोकरीला. तिने क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, एक सामायिक फोल्डर केलं आणि दोन्ही कॉम्प्युटर त्याला जोडून दिले. थोरलीने इकडे फाइल ठेवली की तिकडे दुकानात आपसूक हजर. पेन ड्राइव्ह मुठीत धरून बाजारात पळणं संपलं.

मग एका संध्याकाळी थोरलीचा कॉम्प्युटर जागा संपली म्हणून कुरकुरायला लागला. तिने हिशेब लावला: सगळं वर क्लाउडमध्ये आहे, शिवाय जावेकडेही आहे, माझ्याकडे ही अडगळ कशाला? टेबल झाडतात तसं तिने फोल्डर झाडून टाकलं आणि कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी केली. वर समाधानाने पाणी प्यायली.

थोड्याच वेळात धाकटी तणतणत दारात.

"ताई, बोलायचं होतं तर तोंडावर बोलायचंस! असा सूड उगवतात?"

"कसला सूड? आधी बस तरी."

"बसते कसली! गिऱ्हाईक समोर, कापड मशीनवर चढवलेलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक फाइल गायब. मागे मी वेगळं व्हायचं म्हटलं, त्याचंच ना हे?"

थोरलीची सगळ्या आयुष्याची डिझाइनं गेली, आणि जावेच्या लेखी ती चोरही ठरली. "तुझ्या कॉम्प्युटरला मी बोटही लावलं नाही गं. माझा साफ केला."

"मग माझा काय भुताने पुसला?"

शेवटी धाकटीने लेकीला फोन लावून स्पीकरवर टाकला. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारल्याचा आवाज इकडे आला.

"मोठी आई, तुमच्याकडे दोन कपाटं नाहीत. कपाट एकच, दारं दोन. एका दारातून माल काढलास, तर दुसऱ्या दारातून आईला काय दिसणार?"

"अगं, मग आधी सांगायचंस!"

"सांगितलं होतं. तू रीळ चढवत होतीस, हो हो म्हणालीस."

क्लाउडच्या वेबसाइटवर त्यांची वेगळी कचरापेटी असते, थोडे दिवस तिथे माल पडून राहतो, असं तिने सांगितलं. दोघी जावा खांद्याला खांदा लावून बसल्या. फायली सापडल्या. परत बोलावल्या, तर हळूहळू रांगेत येऊन बसल्या. काहींवर ढगाचं चित्र.

"ते चित्र म्हणजे फाइल नावालाच इथे आहे," लेक म्हणाली. "नेट गेलं तर उघडायची नाही. 'कायम या कॉम्प्युटरवर ठेवा' असं निवड."

थोरलीने निवडलं. सगळं खाली उतरेपर्यंत जागची हलली नाही. मग कॉम्प्युटरला बाहेरून जोडायच्या दोन डिस्क मागवल्या आणि त्या आल्यावर दोन्हींवर सगळी डिझाइनं उतरवली. एक स्वतःला, एक जावेला. फोल्डरमध्ये फक्त चालू ऑर्डरी ठेवल्या.

घ्यायला आलेली धाकटी डिस्क हातात धरून बघत राहिली. "म्हणजे वेगळं करतेस?"

"तूच म्हणत होतीस."

"रागात म्हटलं होतं."

"रागात म्हण नाहीतर शांतपणे म्हण. पण माझ्या एका बोटाने तुझं दुकान बंद पडता कामा नये. राहायचं तर राहा. फायलींपायी अडकून राहू नकोस."

"सगळी दिलीस? तुझी जुनी, कुणाला न दाखवलेलीसुद्धा?"

"निवडत कोण बसणार! घे मुकाट."

धाकटीने डिस्क पर्समध्ये टाकली. "दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय," म्हणाली आणि निघाली. वेगळं होण्याचा विषय मिटला, असं मी म्हणणार नाही. पण आता निघाला, तर दोघी बरोबरीने बसून बोलतील.