यमुनाने थांबवलेला नाच

यमुनाची आणि माझी शेवटची भेट मालाडच्या मासळीबाजारात झाली. डॉक्टरांनी तिला जिनासुद्धा चढू नका म्हणून बजावलं होतं, आणि ही बाई पाटावर बसून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती. मी रागावले तर म्हणाली, "घरी बसून मरू काय? हितं निदान चार माणसं भांडतात तरी माझ्याशी." मग मी नको नको म्हणत असताना माझ्या पिशवीत सोललेली कोळंबी कोंबली. त्यानंतर आठव्या दिवशी पहाटे ती गेली. त्याला आता दीड महिना होईल. बाजारातल्या बायका अजून तिच्या खणखणीत आवाजाच्या गोष्टी सांगतात. मला मात्र राहून राहून साकीनाक्यातली एक संध्याकाळ आठवते. तिथे यमुनाने भर कार्यक्रमात असं काही केलं की मी शरमेने मान खाली घातली होती...

आम्ही दोघी म्युनिसिपालिटीच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तिचं घर कोळीवाड्यात, आमचं मागच्या चाळीत. माझे वडील जालन्याकडून आलेले, आमच्या घरात बुद्धवंदना. तिच्या घरात एकवीरा आणि बारा महिने नवस. सातवीनंतर ती आईबरोबर टोपली घेऊन बसली आणि मी पुढे त्याच शाळेत शिकवायला लागले. आमचं देवावरून आयुष्यभर वाजलं. मी म्हणायचे, हे अंगात येणं वगैरे मनाचे खेळ आहेत, ती म्हणायची, "तुझ्या पुस्तकात नाय लिहिलं म्हणून नसतं काय?" पण एकमेकींवाचून आठवडा गेला नाही.

तिची एकुलती एक मुलगी नयना. हुशार, हट्टी, थेट आईवर गेलेली. कॉलेजात असताना ती सांताक्रूझला एका बाईंकडे फ्लॅमेन्को शिकायला लागली. हा स्पेनमधला नाच. टाचांनी जमीन बडवायची, हातांनी हवा कापायची, आणि बाजूला गाणारा असा गातो की त्याचं घर जळतंय असं वाटावं. यमुना म्हणायची, "पाय आपटायचे तर घरात काय जमीन नव्हती?" पण हे सगळं कौतुकाचंच बोलणं होतं. बिनसलं ते नयनाचे बाबा गेले तेव्हा. मे महिना होता. नयना कार्यक्रमासाठी बंगळूरला. संध्याकाळच्या विमानाने पोचते, थांबा, असा तिचा फोन आला. बाबा आजारी असताना ती नाचायला गेलीच कशी, हा राग यमुनाच्या डोक्यात. मोठे दीर, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, म्हणाले, "ऊन चढतंय, आता कोणासाठी थांबायचं?" आणि त्यांनी यमुनाकडे पाहिलं. यमुना म्हणाली, "उचला."

मी तिथेच होते. साठ पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी मी, त्या दिवशी स्वतःच गप्प बसले. याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर तीन वर्षं मायलेकी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. नयना वेगळी राहायला लागली. मग एक दिवस तिचा मला फोन. साकीनाक्याला एका कारखान्याच्या वरच्या गाळ्यात तिच्या नाचाच्या मंडळींनी जागा केली होती, तिथे तिचा कार्यक्रम होता. "मावशी, दोन खुर्च्या ठेवते," म्हणाली. दुसरी कोणासाठी हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. यमुनाला मी थाप मारली की शाळेतल्या एका बाईंच्या मुलीचा नाच आहे. ती अबोलीचा गजरा माळून, सगळं सोनं घालून आली. लग्नालाच निघाल्यासारखी.

गाळा केवढासा. खाली लेथ मशीन चालायच्या त्यामुळे जिन्यात तेलाचा वास. वर तीसेक खुर्च्या आणि त्यांच्यापुढे वीतभर उंच लाकडी फळ्यांचा मंच. आम्ही पहिल्या रांगेत. एक गिटारवाला, एक वयस्कर गायिका. नयना बाहेर आली आणि यमुनाने माझ्याकडे असं पाहिलं की माझी काही धडगत नाही असं वाटलं. पण ती उठली नाही. गायिकेने सूर लावला तशी कानात पुटपुटली, "गाते की भांडते गं ही?" मागचे लोक मधूनच "ओले!" अशी स्पॅनिश दाद देत होते. मग नाच चढत गेला. नयनाच्या केसांतला कंगवा निसटला, केस मोकळे झाले, डोळे मिटलेले, टाचा थांबेचनात, सगळ्या फळ्या थरथरायला लागल्या. यमुनाने माझं मनगट घट्ट धरलं आणि ती अर्धवट उठली.

"अंगात आलंय तिच्या."

"अगं नाच आहे तो, बस खाली!"

"तू गप. मी काय कमी बघितलीत?"

आणि माझी पाण्याची बाटली उचलून ती मंचावर चढली. मी पदर ओढला, तो हातातून सुटला. गिटार थांबली. तिच्या वाड्यात देवी अंगात आली की जाणती बाई पुढे होते, पायांवर पाणी घालते, कुंकू लावते आणि विचारते. यमुनाने तेच केलं. नयनाच्या त्या खिळे मारलेल्या बुटांवर पाणी ओतलं, पाकिटातल्या पुडीतलं कुंकू कपाळाला लावलं, हात जोडले आणि म्हणाली, "आई, काय चुकलं आमचं? सांग."

तीन वर्षांत आईने तिच्याशी उच्चारलेले हे पहिले शब्द. नयना धापा टाकत तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही चिडणार. पण ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाबांचं तोंड बघू दिलं नाहीस." आणि पुढे, "संध्याकाळी पोचत होते ना मी? आपल्याकडे बर्फ होता ना गं आई? माशांना होता."

यमुनाचे हात जोडलेलेच होते. "चुकलं," ती म्हणाली. "माझं चुकलं. पदरात घे."

लोकांना वाटलं हा नाचाचाच भाग आहे. मागून कोणीतरी जोरात "ओले!" म्हणालं, टाळ्या पडल्या, आणि मी, त्या गर्दीत खरं काय झालं हे समजलेली एकटी, मान खाली घालून रडत होते. शरम केव्हाच पळाली होती.

परतताना रिक्षात मी तिला विचारलं, "खरं सांग, तुला खरंच देवी वाटली?" ती म्हणाली, "देवीला विचारता येतं गं. पोरीला कसं विचारायचं ते मला कोणी शिकवलं नाय." वाटलं होतं की नाही, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही सगळ्या जगाला प्रश्न विचारत फिरणारी, पण तो पुन्हा विचारला नाही. मायलेकींचं बोलणं सुरू झालं, भांडणंही सुरू झाली, म्हणजे सगळं जागेवर आलं.

यमुना गेली त्या दिवशी नयना दिल्लीला होती. बातमीचा फोन ठेवून मी तडक कोळीवाड्यात गेले. वाटेत वाक्यं जुळवली होती. या वेळी गप्प बसायचं नाही, तात्यांशी भांडावं लागलं तरी चालेल. तात्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मी तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "ठाऊक हाय, बाई. तिने मला कवाच दम देऊन ठेवलाय." आतून लादी फोडल्याचा आवाज आला, बंदरावरून बर्फ आधीच येऊन पोचला होता.

पहाटेपासून दुपारी चारपर्यंत आम्ही त्या खोलीत बसून होतो. दार सताड उघडं. बायका येत होत्या, पायांना हात लावून भिंतीकडेला बसत होत्या. कोणीतरी चहा आणला, कोणीतरी पंखा सरकवला. इतक्या माणसांत एकानेही किती वाजले म्हणून विचारलं नाही. मला वाटतं, यमुना मला त्या दिवशी जितकी भेटली तितकी कधीच भेटली नव्हती. त्या घरात आता गेले की मी त्याच भिंतीला टेकून बसते.

चार वाजता नयना बॅग ओढत धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली. सगळ्यांकडे बघत घाईघाईने म्हणायला लागली, "विमान उशिरा... मी फक्त एकदा बघते, मग तुम्ही..."

तात्या उठले. त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली आणि यमुनाच्या उशाशी चटई सरकवली.

"बस, पोरी," ते म्हणाले. "घाई नाय."