दाजींनी निवडलेलं पायडल

मला माझ्या मेव्हण्याचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना मी कुणाला मोठ्या मनाचा माणूस वाटायला नको. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गडहिंग्लजला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती त्याच्याकडं आणून टाकतात. तो गिटार वाजवतो आणि मीही गिटार वाजवतो. दुखणं एवढंच आहे.

आठवडाभर मी एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळतो आणि सुट्टीच्या दिवशी कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवतो. गावच्या यात्रा, लग्नं, संस्थांचे वाढदिवस, जिथं बोलावतील तिथं. चौदा वर्षं लीड गिटार माझ्याकडं होती. लीड म्हणजे गाण्याच्या मधले तुकडे वाजवणारा, लोक ज्याच्याकडं बघतात तो. शेजारी रिदमवाला असतो. तो गाणंभर कॉर्ड धरून हात मारत राहतो आणि त्याच्याकडं त्याच्या घरचेसुद्धा बघत नाहीत. तीन वर्षांपूर्वी आमचा रिदमवाला नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा मेव्हण्याला ऑर्केस्ट्राच्या मालकांपुढं मीच उभा केला. घरचा माणूस आहे, सांगेल ते ऐकेल आणि मागं राहील, असं मला वाटलं होतं.

तो ऐकत होता, पण मागं राहत नव्हता. पहिल्याच वर्षी आमची गायिका मला म्हणाली की तुमच्या मेव्हण्याचा कान फार चांगला आहे. मी हसून हो म्हणालो आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही. मग मालकांनी एका गाण्यातला छोटा तुकडा त्याला दिला. मग दुसऱ्या गाण्यातला. घरी मी काही बोलायचो नाही, पण ताट जरा जोरात सरकवायचो. बायकोनं ते ओळखलं. ती म्हणाली, पोटात दुखत असेल तर ओवा खा, डबा वरच्या फळीवर आहे.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी त्याचा फोन आला. "दाजी, वाह पेडल घ्यावं म्हणतोय. तुमी सांगशिला ते घेतो."

वाह पेडल म्हणजे पायानं हलवायचं एक लोखंडी पायडल. गिटारची वायर त्यातून जाते. पुढं दाबलं की आवाज तोंड उघडतो, मागं घेतलं की मिटतो, आणि तारा बोलल्यासारख्या वाटतात. मला स्वतःला ते कित्येक वर्षं घ्यायचं होतं. आज घेऊ, उद्या घेऊ करत राहिलो आणि आता हा घेणार होता. फोन कानाला धरून मी त्याला दोन जातींची माहिती दिली. एका जातीत पुढच्या टोकाखाली बटण असतं. पायाचा चवडा जोरात दाबला की खट्ट आवाज होऊन ते चालू होतं, पुन्हा दाबलं की बंद. दुसऱ्या जातीत बटणच नसतं, स्प्रिंग असते. पाय ठेवला की चालू, उचलला की बंद. माझं प्रामाणिक मत होतं की बटणाचं तेच खरं आणि स्प्रिंगचं म्हणजे खेळणं. सतत पाय दाबून धरायचा, पिंडरी भरून येणार, जरा पाय हलला की तुकड्याच्या मधेच आवाज पळणार.

"स्प्रिंगचं घे," मी सांगितलं. "तुझ्या सेटला तेच बसतंय."

तो म्हणाला, व्हय दाजी. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. लाज वाटली असं लिहायला चांगलं दिसेल, पण बरं वाटलं.

आमच्या ऑर्केस्ट्राची एक रीत इथं सांगायला पाहिजे. कार्यक्रमाच्या आधी मालक स्टेजवर नारळ फोडतात, प्रत्येक वाद्याला हळदकुंकू लावतात, आणि त्यानंतर स्टेजवर कुणाच्याही पायात चप्पल राहत नाही. पाहुणे-पुढारी बुटानिशी वर येतात तो भाग वेगळा, वाजवणारे अनवाणीच. वाद्याला पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा. दोनेक महिन्यांनी मेव्हणा ते पेडल घेऊन आला तेव्हा मालकांपुढं मोठाच प्रश्न पडला, कारण वाद्य म्हणावं तर ते वाजवायचंच पायानं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग त्याला कुंकू लावलं, पण बाजूला, पाय ठेवायची जागा सोडून. मेव्हण्यानं पेडलला हात लावून छातीला लावला आणि मगच उजवा पाय वर ठेवला.

मी कडेला उभा राहून त्याची फजिती व्हायची वाट बघत होतो. झालं उलटंच. पाय ठेवला की आवाज बोलायचा, उचलला की साधा व्हायचा. त्याला खाली बघावंसुद्धा लागत नव्हतं. एका लग्नात पुढच्या रांगेतला एक पटकेवाला म्हातारा उठून म्हणाला, ते रेडकू हंबरल्यागत वाजतंय ते पुन्हा वाजवा. सगळा मांडव हसला. मालकांनी ते गाणं पुन्हा घेतलं. चौदा वर्षांत माझा तुकडा कुणी पुन्हा मागितला नव्हता.

कुणी विचारलं की मेव्हणा सांगायचा, "दाजींनी निवडून दिलंय." ढोलकीवाल्याला सांगितलं, साउंडवाल्याला सांगितलं, माझ्या सासूबाईंना सांगितलं. लोक माझी पाठ थोपटायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि वर हसून दाखवावं लागायचं. खड्डा मी खणला होता, आणि त्यात पाणी लागून त्याची विहीर झाली होती.

आता मलाही वाह पाहिजे होतं. शहाणपण असतं तर त्याच्यासारखंच घेतलं असतं. पण स्प्रिंगच्या पेडलला खेळणं म्हणून मी ढोलकीवाल्यापुढं दोनदा हसलो होतो, आणि मेव्हण्याची नक्कल केली असं कुणी म्हटलेलं मला चाललं नसतं. म्हणून मेव्हण्यानं घेतलं त्याच दुकानात मी गेलो आणि म्हणालो, सगळ्यात मोठं दाखवा. बटणाचं. दुकानदारानं खाली एक जड, काळं पेडल ठेवलं. मी फाउंड्रीतून थेट गेलो होतो, पायात कंपनीचे सेफ्टी बूट होते, ज्यांच्या पुढच्या टोकात लोखंड असतं. बटण लोण्यासारखं दबत होतं. दुकानातला अ‍ॅम्प्लिफायर नवा होता, दुकानातली गिटार पातळ, गोड आवाजाची होती, आणि त्या खोलीत मी स्वतःला फार आवडलो. दुकानदारानं विचारलं की तुमचा सेट कसला आहे. मी म्हणालो, जाड आवाजाची गिटार, मधे एक ओव्हरड्राइव्ह, पुढं जुना अ‍ॅम्प. तो म्हणाला की मग हे घरी नेऊन तुमच्या सेटवर लावून बघा, तुमचे मेव्हणे आले होते तेव्हा त्यांनाही मी... मी त्याला मधेच तोडलं. मेव्हण्याचं नाव त्या दुकानात तरी मला ऐकायचं नव्हतं.

घरी लावून बघितलं तर ओव्हरड्राइव्हशी, म्हणजे आवाज फाडणाऱ्या माझ्या डबीशी, त्याचं जमेना. टोक खाली गेलं की आवाज शिट्टी मारायचा. पायाला सवय होईल म्हणून मी ते तसंच रेटलं. घरात सराव मी खुर्चीवर बसून, पायात बूट घालूनच करत होतो. चौदा वर्षं अनवाणी वाजवणाऱ्या माणसाच्या ते डोक्यात येऊ नये, याला दुसरं कारण नाही. मी पेडल ऐकतच नव्हतो, मेव्हण्याचं तोंड कसं उतरेल ते बघत होतो.

कोडोलीला एका दूध संस्थेचा वर्धापनदिन होता, दुपारचा कार्यक्रम. स्टेजवर त्यांनी भक्तीनं गाद्या अंथरून वर सतरंजी घातली होती. मालकांनी नारळ फोडला, माझ्या नव्या पेडलला कुंकू लावलं. तिसरं गाणं माझं होतं. तुकडा आला, मी चवडा दाबला. काही झालं नाही. अनवाणी पायाखाली ते बटण दगडासारखं होतं, आणि खाली गादी, त्यामुळं मी दाबेन तसं पेडलच खाली जात होतं. अर्धा तुकडा कोरडा गेला. मी गिटार सोडून सगळं वजन पायावर टाकलं तेव्हा खट्ट झालं, पण तोवर गायिकेचा अंतरा सुरू झाला होता, आणि तिच्या हळव्या ओळीच्या मागं माझ्या अ‍ॅम्पमधून शिट्टी निघाली. बंद करायला पुन्हा दाबलं तर अंगठ्याचं नख उलटलं. तीन-चारशे लोक माझ्याकडं बघत होते. मीच तर म्हणालो होतो, लीडवाल्याकडं लोक बघतात.

मी आवाजाची खुंटी शून्यावर आणली आणि उभा राहिलो. दुसरा तुकडा आला तेव्हा मेव्हण्यानं तो उचलला. माझ्याकडं न बघता, रिदमचा हात न सोडल्यासारखं करून. त्यानं स्वतःचं काही घातलं नाही. मी जिथं थांबतो तिथं थांबला, मी जी तार ओढतो ती ओढली. तीन वर्षं तो माझ्या शेजारी उभा राहून ते पाठ करत होता हे मला तेव्हा कळलं. फक्त ते त्याच्या पायाखालून आलं आणि माझ्यापेक्षा चांगलं वाजलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या वेळी मी त्याला शाप दिले, तेही अगदी शुद्ध मराठीत.

परतताना गाडी चहाला थांबली. मालकांनी स्वतः उठून मला चहा आणून दिला, आणि आमचे मालक कुणाला चहा आणून देत नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी मेव्हणा घरी आला. नवा गूळ आणला होता, तो बायकोनं आत नेला. मेव्हणा सोफ्याच्या कडेवर बसला, गिऱ्हाईक बसतं तसा. मालकांनी त्याला फोन केला होता. येत्या यात्रांपासून लीड त्यानं करायची आणि रिदम मी. "मी अजून व्हय म्हणलेलं न्हाय," तो म्हणाला. "तुमी नको म्हणला तर मी न्हाय करत. मालकांस्नी सांगतो, दुकानामुळं जमत न्हाय."

आता सगळं माझ्या हातात होतं. एक 'नको' म्हटलं की झालं, चौदा वर्षांची जागा परत. आणि त्यानं खरंच ऐकलं असतं, हे मला माहीत होतं. मी तोंड उघडलं ते नको म्हणायलाच. पण बाहेर दुसरंच आलं. मी म्हणालो की ते स्प्रिंगचं पेडल मी तुला मुद्दाम सांगितलं होतं. वाईट म्हणून सांगितलं होतं. तुझी फजिती व्हावी म्हणून.

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला.

मेव्हणा जमिनीकडं बघत होता. "ठाव हाय की," तो म्हणाला. "दुकानदारानं तवाच सांगितलंतं, हे तुमच्या सेटला बसायचं न्हाय. म्हणला, तुमच्या दाजींस्नी इचारा पुन्हा, चुकून सांगितलं असंल. म्या म्हणलं, न्हाय, हेच द्या."

मी विचारलं, मग घेतलं कशाला.

"घेतलं न्हाय तर आक्काला काय सांगायचं हुतं? तुझ्या नवऱ्यानं मला फशिवलं म्हणून?" मग त्यानं जरा घाईघाईनं सांगितलं की पहिला महिनाभर ते खरंच वाजत नव्हतं. स्प्रिंग फार कडक होती, पाय थरथरायचा. त्यानं ती काढून एका जुन्या स्टार्टरमधली नरम स्प्रिंग बसवली. रोज दुकान बंद करायच्या आधी तासभर चप्पल काढून उभा राहायचा. "तुमी निवडलेलं हाय म्हणल्यावर ते चाललंच पायजे हुतं."

ओरडला असता तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. त्याचं वाजवणं माझ्यापेक्षा चांगलं आहे हे मी कसंबसं गिळत आलो होतो. माणूसही माझ्यापेक्षा चांगला निघावा, हे फारच झालं. इतकी जळजळ मला कोडोलीच्या स्टेजवरसुद्धा झाली नव्हती. आतून बायको बाहेर आली नाही. ती ऐकत होती, आणि आता मी काय बोलतो याची वाट बघत होती.

"कर लीड," मी म्हणालो.

त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी तोंडभर आशीर्वाद दिला आणि त्यातला एक शब्दही मनापासून नव्हता. यात्रांचा हंगाम आता अर्ध्यावर आला आहे. मी रिदम धरतो, तो लीड करतो, आणि त्याच्या तुकड्याच्या वेळी कॉर्ड मी अगदी अचूक देतो, एकही चुकू देत नाही. लोक म्हणतात, दाजींनी जागा दिली, केवढं मन. मेव्हणाही तसंच सांगत फिरतो. खरं काय ते आम्हा तिघांनाच माहीत आहे, आणि त्यातली एक त्या दिवसापासून माझ्या पोटदुखीवरून चेष्टा करत नाही.