वाणात दिलेलं लॉगिन

“मेघना, आईंनी बॅग भरायला घेतलीये. तिकीट काढ म्हणतायत. तू जरा वर येतेस का?”

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून नुकतीच घरात शिरले होते. पर्स अजून खांद्यालाच होती. प्रज्ञा इथे बहारीनला, माहूज भागात, आमच्याच बिल्डिंगमध्ये एक मजला वर राहते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, शिफ्ट ड्यूटी. तिचा नवरा सचिन अस्करला एका कंपनीत आहे, तोही शिफ्टवर. पदरात चार वर्षांची इरा. हे घर चालतं ते सचिनच्या आईच्या, म्हणजे सुलभाकाकूंच्या जिवावर. काकू चिपळूणला परत गेल्या तर प्रज्ञाला नोकरी सोडावी लागणार, यात कुणालाच शंका नव्हती. रात्रपाळीला मूल सांभाळणारं पाळणाघर मला तरी बहारीनमध्ये माहीत नाही.

मी वर गेले. काकू पलंगावर साड्यांच्या घड्या घालत होत्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, आता गावाकडे बरं वाटेल. प्रज्ञानं मला स्वयंपाकघरात नेऊन खालच्या आवाजात सांगितलं की टीव्हीवरचं मराठी चॅनलचं ॲप बंद पडलंय, तेव्हापासून हे सुरू आहे. जेवण नीट नाही, इराशी बोलणं नाही.

खरं सांगते, मला आधी हसू आलं आणि मग रागच आला. सिरियल दिसत नाही म्हणून कुणी नातीला टाकून जातं का? त्यात ॲप बंद पडण्याचा विषय म्हणजे माझ्या पोटापाण्याचा विषय. दिवसभर ऑफिसात तेच ऐकायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच.

माझं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी इथल्या एका केबल टीव्ही कंपनीत लॉगिनच्या टीममध्ये इंजिनियर आहे. आमचा बॉक्स तुम्ही घरी घेतलात की एक युजरनेम आणि पासवर्ड मिळायचा. तो घालून चॅनलवाल्यांची स्वतःची ॲप्ससुद्धा फोनवर नाहीतर दुसऱ्या टीव्हीवर चालायची, वेगळे पैसे न देता. चॅनलचं ॲप आमच्या सिस्टीमला विचारायचं, हा माणूस तुमचा का? आमची सिस्टीम म्हणायची, हो, आमचाच. या ‘हो’ला आम्ही ऑथेंटिकेशन म्हणतो. तो नीट जातोय ना, एवढं बघायचा मला पगार मिळतो.

गेली काही वर्षं हे आटत चाललंय. चॅनलवाल्यांना आता गिऱ्हाईक थेट हवंय. मधला आम्ही नको. एकेक ॲप कळवतं की अमुक महिन्यापासून तुमचं लॉगिन चालणार नाही, गिऱ्हाइकाला आमचं सब्स्क्रिप्शन घ्यायला सांगा. बॉक्सवर चॅनल दिसत राहतं, फक्त लॉगिननं ॲप उघडत नाही. यात सगळ्यात जास्त मार बसतो तो कॉर्ड कटर लोकांना, म्हणजे ज्यांनी केबल काढून टाकली आणि नुसत्या इंटरनेटवर टीव्ही बघतात त्यांना. आमच्या ओळखीत असे पुष्कळ. पण त्यांनी स्वतःची केबल काढली आणि दुसऱ्याच्या लॉगिनवर बस्तान मांडलं, हे कुणी बोलून दाखवत नाही.

सचिनच्या घरचं लॉगिनही दुसऱ्याचंच होतं. जनाबियाच्या अलकाताईंचं. ते त्यांनी कसं दिलं तेही ऐका. अलकाताई कंपाऊंडमधल्या व्हिलात राहतात. नवरा बँकेत, मुलगी शिकायला परदेशात. संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी त्यांच्याकडे दणक्यात होतं. यंदा वाण काय द्यायचं यावर बाईंनी डोकं लढवलं. डबे झाले, वाट्या झाल्या, पर्सही झाल्या. तर यंदा म्हणाल्या, मी लॉगिन लुटते. आणि प्रत्येकीच्या फोनवर स्वतः पासवर्ड घालून दिला, सुलभाकाकूंच्याही; सचिननं तोच घरच्या टीव्हीवर टाकला. मी तिथेच बसले होते, तोंडात तिळाचा लाडू. म्हटलं, अलकाताई, अहो मी त्याच डिपार्टमेंटची आहे. तर सगळ्या खो खो हसल्या आणि मला वेगळी स्टीलची वाटी मिळाली.

तर आता ते ॲप बंद होतं. मी सचिनच्या टीव्हीवर पुन्हा लॉगिन करून बघितलं. पासवर्ड बदलला असता तर ‘चुकीचा पासवर्ड’ असं आलं असतं. तसं आलं नाही. केबल कंपनी निवडायची यादी आली आणि त्यात आमच्या कंपनीचं नावच नव्हतं. म्हणजे चॅनलनंच आमचा हात सोडला होता. या आठवड्यात सोडणार हे मला ठाऊक होतंच.

मी काकूंना सगळं समजावलं. अलकाताईंनी काही केलेलं नाही, हे सगळ्यांचंच बंद झालंय. काकूंनी ऐकून घेतलं. मग घडी घालता घालता म्हणाल्या, “मग ती माझा फोन का उचलत नाही?”

मी साड्या सरकवून पलंगाच्या कडेला बसले.

“वाण दिलेलं कुणी परत घेतं का गं?” काकू म्हणाल्या. “सचिनचे बाबा गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. सोसायटीत नाही, माहेरी नाही. तिनं बोलावलं. सगळ्यांच्या देखत कुंकू लावलं, वाण दिलं. आता कुणीतरी तिला बोललं असणार, की विधवेला कशाला लावलंस. म्हणून काढून घेतलं.”

माझा राग पार उतरला. सिरियलचा प्रश्न नव्हताच हा. या बाईला वाटत होतं की आपल्याला पुन्हा पंगतीतून उठवलंय.

मीही अलकाताईंना फोन लावला. त्यांनी माझाही उचलला नाही. आता मलाही शंका यायला लागली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाटलं, त्यांचं अकाउंट उघडून बघावं. आमच्याकडून काही मेसेज गेला का, काही तक्रार झाली का, सगळं तिथे दिसतं. पण ओळखीच्या माणसाचं अकाउंट उघडायचं नाही हा आमच्याकडे कडक नियम आहे, आणि कुणी काय उघडलं याची नोंद राहते. म्हणून मी सरळ युसुफ साहेबांकडे गेले. ते आमचे मॅनेजर, इथलेच बहारीनी, शांत माणूस. त्यांना सगळी कथा सांगितली. हळदीकुंकू इंग्रजीत समजावताना माझा घाम निघाला. लॉगिन वाटल्याचं ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

“अकाउंट उघडायचं नाही,” ते म्हणाले.

“माहीत आहे. म्हणूनच विचारायला आले.”

“त्यांच्याकडे चहाला जा. चहाला माझी परवानगी लागत नाही. यल्ला, निघा.”

संध्याकाळी मी गाडी काढली आणि जनाबियाला गेले. बेल वाजवली तर दार उघडायला बराच वेळ लागला. अलकाताईंचा चेहरा उतरला होता. मला बघून त्या म्हणाल्या, “तू ऑफिसकडून आलीस का?”

म्हटलं, मी चहाला आले.

चहा होईपर्यंत त्यांना दम धरवला नाही. आमच्या कॉल सेंटरमधून त्यांना फोन आला होता. पलीकडची मुलगी म्हणाली होती, मॅडम, तुमचं लॉगिन तुमच्या घराबाहेर पुष्कळ डिव्हाइसेसवर वापरलं जातंय. एवढं ऐकलं आणि बाईंनी फोन ठेवून दिला. मग भिंतीला टेकून बसल्या. इथे केस झाली तर नवऱ्याच्या व्हिसावर येईल, नोकरी जाईल, मुलीची फी कोण भरणार, इथवर त्यांचं डोकं पोचलं. नवऱ्याला सांगितलं नाही. बॉक्स काढून कपाटात ठेवला. आणि ज्यांना ज्यांना लॉगिन दिलं होतं त्यांचे, आणि मी कंपनीतली म्हणून माझाही, फोन उचलणं बंद केलं, कारण फोनवरून कुणाकुणाचा संबंध आहे ते निघेल.

मी कपाळावर हात मारला. आमचा तो कॉलचा मजकूर मला पाठ होता. पहिलं वाक्य तुमचं लॉगिन किती ठिकाणी चालतं ते. दुसरं वाक्य, हे ॲप आता आमच्या लॉगिनवर बंद होतंय. तिसरं, चॅनलचं सब्स्क्रिप्शन असं असं घ्या. बाईंनी दुसऱ्या वाक्याची वाटच बघितली नव्हती. बघणार तरी कशी? परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाला असं पहिलं वाक्य ऐकवल्यावर पुढचं कुणाला ऐकू येतं?

मी त्यांना सांगितलं की केस बीस काही नाही, फार तर पुन्हा वाटू नका म्हणतील, आणि पुन्हा वाटणार नाही असं त्यांनी कबूलही केलं. मग काकूंचं सांगितलं. बॅग, तिकीट, सगळं. कुंकवाचं मात्र मी बोलले नाही. ते माझं बोलणं नव्हतं.

अलकाताईंनी तिथल्या तिथे फोन लावला. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

“काकू, मी घाबरले होते हो. मला वाटलं यांच्या व्हिसावर येईल. तुमचा फोन दिसला की वाटायचं, आता तुम्हालाही माझ्यामुळे त्रास.”

पलीकडून काकूंनी विचारलं,

“म्हणजे मला कुंकू लावलंस म्हणून तुला कुणी काही बोललं नाही?”

अलकाताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना समजायला क्षणभर लागला, आणि समजलं तशा त्या रडायलाच लागल्या. “कोण बोलणार, काकू? माझ्या घरात कुंकू कुणाला लावायचं ते मी ठरवते.”

“मग फोन उचलायचा ना गं वेडे,” काकू म्हणाल्या. त्यांचाही आवाज धड नव्हता. “कुणी चौकशीला आलं असतं तर मी सांगितलं असतं, मीच बघत होते म्हणून. या वयात मला कोण काय करणार आहे?”

आम्ही तिघी हसलो. डोळे पुसताना अलकाताईंना दिसू नये म्हणून मी चहाचा कप उचलून ओट्याकडे गेले.

काकू राहिल्या. प्रज्ञाची नोकरीही राहिली. सचिननं चॅनलचं थेट सब्स्क्रिप्शन घेऊन दिलं, ते चालतं व्यवस्थित. पण काकू त्यावर फक्त बातम्या बघतात. सिरियलचे भाग अलकाताई कपाटातून पुन्हा बाहेर काढलेल्या बॉक्सवर रेकॉर्ड करून ठेवतात, आणि गुरुवारी गाडी घेऊन माहूजला येतात, काकूंना आणि इराला घेऊन जातात. मुलगी परदेशी गेल्यापासून त्यांचंही घर खायला उठायचं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. इरा तिथे सोफ्यावर बसून खलनायिकेवर इंग्रजीत टीका करते आणि दोघी तिला मराठीत उत्तरं देतात.

वाणातल्या बाकी बायकांपैकी काहींनी सब्स्क्रिप्शन घेतलं, काहींनी टीव्हीचा नाद सोडला, एकीनं पुन्हा आमचा बॉक्स लावला. लॉगिनचं दुकान आमच्या डोळ्यांदेखत बंद होणार आहे, आज हे ॲप, उद्या ते. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. युसुफ साहेबांनी कॉलचा मजकूर मात्र माझ्याकडून बदलून घेतला. काय बंद होतंय ते आधी सांगायचं, पुढे काय करायचं ते मग, आणि लॉगिन किती ठिकाणी चालतं ते गिऱ्हाइकानं विचारलं तरच. तेव्हापासून लोक मधेच फोन ठेवत नाहीत.

ॲप गेल्यावर जनाबियातल्या बऱ्याच घरांनी बॉक्स परत केले. अलकाताईंनी केला नाही. आमच्या रिपोर्टमध्ये त्यांच्या नावापुढे ‘टिकून राहिलेलं गिऱ्हाईक’ असं दिसतं. मीटिंगमध्ये वरच्या साहेबांनी विचारलं, हे लोक आपल्याकडे का टिकतात? कुणी पिक्चर क्वालिटी म्हणालं, कुणी रेकॉर्डिंगची सोय म्हणालं. मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. सुलभाकाकू हे काही पॅकेजमध्ये घालता येण्यासारखं नाही.