बिघडलेली यंत्रं दाखवा

प्रा. शकुंतला भालेराव यांची आणि माझी ओळख एका कुलूपबंद कपाटापुढे झाली. त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात मी नुकताच व्याख्याता म्हणून रुजू झालो होतो. देशाची दारं जगाला खुली झाल्याच्या बातम्या रोज छापून येत होत्या, आणि आमच्या जुन्या कॉलेजात प्रयोगशाळेचं कपाट उघडायला मात्र प्राचार्यांपासून कारकुनापर्यंत सगळ्यांच्या सह्या लागत. बाई आत आल्या, कपाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अहो आपटे, यात काय आहे?"

"नवे ऑसिलोस्कोप आहेत, मॅडम."

"कोणासाठी?"

ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र. ते महाग असतं म्हणून जपायचं, एवढंच मला ठाऊक होतं. मी सदाशिव पेठेत वाढलेला. आमच्या घरी पाहुण्यांसाठी आणलेल्या कपबशा पाहुण्यांनाही मिळत नसत. बाईंनी किल्ली मागवली, यंत्रं स्वतः उचलून टेबलांवर मांडली आणि मला म्हणाल्या, "मुलांनी मोडली तर मी बघून घेईन. न मोडता जुनी झाली, तर जाब तुम्ही द्यायचा."

त्या वर्षी यंत्रं मोडली, दुरुस्त झाली, पुन्हा मोडली. मुलं मात्र शिकली, आणि त्यांच्याबरोबर मीही शिकलो.

बाईंचे वडील खडकीच्या कारखान्यात कामगार होते. कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली तेव्हा बाई नुकत्याच शाळेत जाऊ लागल्या होत्या. शाळेचं नाव मोठं आहे की लहान, हे त्यांच्या वडिलांनी कधी विचारलं नाही. संध्याकाळी ते मुलीला समोर बसवून आज काय शिकवलं, ते ऐकत. बाईंना माणसं आणि संस्था पारखायची सवय तिथूनच लागली असावी.

पुढे ती सवय गावाच्या उपयोगी पडली. शहराभोवती कालपर्यंत जिथे ऊस किंवा ज्वारी होती तिथे कॉलेजं उगवू लागली, आणि कॉलेजांची बघता बघता अभिमत विद्यापीठं होऊ लागली. काचेची इमारत, दारात कारंजं, गणवेशातला पहारेकरी आणि माहितीपत्रकावर परदेशी झेंडे असले की प्रतिष्ठा आली, असा समज होता. बारावीचा निकाल लागला की बिबवेवाडीतल्या बाईंच्या घराबाहेर चपलांचा ढीग पडे. "बाई, पोराला कुठं घालू?" हा एकच प्रश्न घेऊन रिक्षावाले, कारकून, नर्सा, दुकानदार येत. बाई सगळ्यांना चहा देत आणि जे खरं वाटे ते सांगत. त्याने काही संस्थाचालक दुखावले. बाईंना त्याचं काही वाटलं नाही.

याच सुमारास त्यांना संस्थांना मान्यता देण्याआधीच्या पाहणी समित्यांवर बोलावणं येऊ लागलं. समितीचा एक ठरलेला रिवाज होता. फाटकात तुतारी, मग शाल-श्रीफळ, मग काजूच्या बशा, मग पडद्यावर संस्थेची थोरवी, मग जेवण. आणि उरलेल्या वेळात पाहणी. बाई घरून डबा नेत. शाल घेत नसत. संस्थाप्रमुखांचं स्वागतपर भाषण रंगात आलं की त्या उठून उभ्या राहत आणि म्हणत, "छान. आता तुमच्याकडची बिघडलेली यंत्रं दाखवा."

समोरच्यांचा चेहरा पाहण्यासारखा होई. "मॅडम, आमच्याकडे सगळं नवंकोरं आहे," असं अभिमानाने सांगितलं जाई, आणि तिथेच ती संस्था बाईंच्या नजरेतून उतरे. जिथे मुलं काम करतात तिथे काहीतरी मोडतंच, हे त्यांचं साधं गणित होतं. या एका प्रश्नावर त्यांनी भल्याभल्यांचं पितळ उघडं पाडलं. बाई येणार म्हटलं की संस्थाचालक धास्तावत, आणि आम्हा सहकाऱ्यांना त्याचा फार अभिमान वाटे.

घोटाळा असा झाला की प्रश्न सगळ्यांना पाठ झाला.

शहराच्या वेशीवरच्या एका संस्थेला विद्यापीठ व्हायचं होतं. तिचं नाव इथे लिहीत नाही; लिहिण्याची गरजही नाही. पाहणीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी बाई स्टाफरूममध्ये आल्या त्या हसतच. एवढ्या खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. "आपटे, एक खरं कॉलेज पाहिलं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत एक अख्खं टेबल बिघडलेल्या यंत्रांनी भरलेलं होतं. बटणं निघालेली, तारा लोंबणाऱ्या, एक सर्किट तर जळून काळं पडलेलं. एक मुलगा पुढे येऊन खाली मान घालून म्हणाला होता, "मॅडम, हे माझ्याकडून जळलं." बाईंनी त्याची पाठ थोपटली. अहवालात त्यांनी लिहिलं: 'येथे विद्यार्थी यंत्रांना हात लावतात.' त्यांच्या लेखी याहून मोठी स्तुती नव्हती.

बाईंच्या शेजारी उज्ज्वला नावाची मुलगी राहत असे. तिचे वडील पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होते. आई शेवंताबाई विहारात वंदना सांगत. बिघडलेला रेडिओ उघडून बसणाऱ्या या मुलीवर बाईंचा जीव होता. तिला इलेक्ट्रॉनिक्सच शिकायचं होतं. परगावच्या सरकारी कॉलेजात तिला जागा मिळत होती. मुलीला दूर ठेवायला आई-वडील कचरत होते, तरी तिची तयारी झाली होती. बाईंनी शब्द दिला, "जवळच एक चांगली संस्था आहे. मी स्वतः पाहून आले आहे." सरकारी जागा सोडली गेली. वस्तीतल्या आणखी काही घरांनीही तोच शब्द प्रमाण मानला.

दिवाळीच्या सुट्टीत उज्ज्वला बाईंकडे फराळाचं ताट घेऊन आली. मी काही कामासाठी तिथेच बसलो होतो. ताट ठेवून ती जरा घुटमळली, मग म्हणाली, "बाई, तुम्ही आला होतात तेव्हा लॅब कुठल्या मजल्यावर होती?"

"दुसऱ्या. का गं?"

"तिथं आता ॲडमिशन ऑफिस आहे. आम्हाला लॅब अजून कुठंच दिसली नाही."

सुट्टी संपल्याबरोबर बाई बसने तिथे गेल्या. आमचाच एक माजी विद्यार्थी तिथे शिकवत होता. त्याने जिन्याखाली उभं राहून सगळं सांगितलं. बाई समितीवर आहेत हे कळल्यावर जुन्या बाजारातून टेम्पो भरून भंगार आणलं होतं. चांगल्या दिसणाऱ्या यंत्रांची बटणं मुद्दाम उपटली होती. खाली मान घातलेला तो मुलगा कॉमर्सचा होता, नाटकात बक्षिसं मिळवणारा. "मॅडम, तुम्हाला काय आवडतं ते सगळ्यांना माहीत होतं," असं म्हणताना आमच्या त्या माजी विद्यार्थ्याला रडू आलं. बाईंनी त्यालाच धीर दिला.

पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात असलं लिहू नये असा संकेत आहे. पण हे वगळून बाईंचा गौरव करणं म्हणजे बटणं उपटण्यासारखंच होईल.

बाईंनी वर कळवलं की माझा अहवाल चुकला आहे, तो रद्द समजावा. अहवाल मागे घेण्याची नियमात तरतूद नाही, असं उत्तर आलं, आणि पुढच्या समित्यांतून बाईंचं नाव गळलं. संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. काही महिन्यांनी हिंजवडीच्या रस्त्यावर भला मोठा फलक लागला. हसणारी मुलं, काचेची इमारत आणि खाली बाईंचं वाक्य, बाईंच्या नावासकट: 'येथे विद्यार्थी यंत्रांना हात लावतात.' कंपन्यांच्या बसगाड्या वाहतुकीत अडकून त्या फलकासमोर तासन् तास उभ्या राहत. सारं शहर ते वाक्य वाचत होतं. लोक बाईंचं अभिनंदनही करत. एकदा एका ओळखीच्या गृहस्थांनी रस्त्यात थांबवून "वा, काय नाव झालंय तुमचं!" असं म्हटलं, तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, "हो, विकलं गेलं ना."

बाईंनी आमच्या प्राचार्यांशी भांडून दर रविवारी प्रयोगशाळा उघडी ठेवायची परवानगी काढली आणि त्या विद्यापीठातल्या मुलांना तिथे शिकवायला सुरुवात केली. मीही मदतीला जाई. माझी पत्नी आजारी होती तेव्हा मला कळू न देता माझे तास घेणाऱ्या बाई त्या. मी घरी कसा बसणार? मुलं येत, शिकत. काही पुढे चांगली मार्गाला लागली. उज्ज्वला मात्र एकाही रविवारी आली नाही. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तिने शिक्षण सोडलं. हिंजवडीतल्या एका कॉल सेंटरमध्ये ती लागली. तिथे फोनवर तिचं नाव उज्ज्वला नव्हतं, कुठलंसं इंग्रजी होतं. बाईंच्या दारावरून जाताना ती पावलं भराभर उचलायची.

बुद्धपौर्णिमेला विहारात बाई शेवंताबाईंपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. बाईंनी मला हे स्वतः सांगितलं आहे. शेवंताबाई म्हणाल्या, "बाई, तुमच्यावर राग नाही आमचा. फसवलं तुम्हालाबी. पण आता कुणाला काही सांगू नका."

दुसरं कुणी असतं तर हे ऐकून दार लावून घेतलं असतं. ते सोपं होतं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा चपला जमल्या, तेव्हा बाईंनी चहा दिला आणि आधी स्वतःची फजिती सांगितली. मग म्हणाल्या, "मी सांगणार नाही. तुमच्याबरोबर येईन." तेव्हापासून गेली कित्येक वर्षं त्या पालकांना घेऊन पीएमटीच्या बसने कॉलेजं बघत फिरतात. तेही कुठल्यातरी आडवारी, न कळवता. फाटकावर पहारेकरी अडवतो, "आज व्हिजिट आहे का?" बाई सांगतात, "नाही. म्हणूनच आले." आता त्या कुठलीच खूण शोधत नाहीत. खूण एकदा ठरली की ती बाजारात मिळते, हे त्यांना कळून चुकलं आहे. कॅन्टीनमध्ये बसतात, भेटेल त्या मुलाला विचारतात, "काल काय शिकलास?" मग पालकांना म्हणतात, "तुम्ही ऐकलंत ना? आता तुम्ही ठरवा." गुडघे दुखतात, पण हे थांबलेलं नाही.

बाईंच्या पंच्याहत्तरीच्या समारंभ समितीकडे त्याच विद्यापीठाचा प्रस्ताव आला होता. त्यांचं वातानुकूलित सभागृह, त्यांचं जेवण, शिवाय बाईंना जीवनगौरव पुरस्कार. समितीतल्या काहींना मोह झाला, हे मी लपवत नाही. बाईंनी निरोप धाडला, "येते. आधी माझं वाक्य उतरवा." उत्तर फार नम्र होतं. ते वाक्य आमच्या वाटचालीतला मानबिंदू असून प्रवेशद्वारात संगमरवरावर कोरलेलं आहे, असं त्यात होतं. तेव्हा समारंभ बिबवेवाडीतल्या शाळेच्या हॉलमध्ये होईल. पंखे आहेत.

उज्ज्वलाला आमंत्रण द्यायला मी स्वतः गेलो. तिने चहा केला, विचारपूस केली. "येणार ना?" म्हटलं, तर ती कपबशा उचलायला लागली. "सर, बाईंचं चांगलं होऊ दे. मी नाही येणार," ती म्हणाली. मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिचं लिहा, आपटे. नाहीतर माझं लिहू नका."

म्हणून लिहिलं. आता शुभेच्छा. बाईंना उत्तम आरोग्य लाभो, गुडघ्यांना आराम पडो. शतायुषी व्हा म्हणायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "शंभर कशाला? तो दगड झिजेपर्यंत द्या." संगमरवर झिजायला फार काळ लागतो. बाई, तेवढं आयुष्य आपणांस मिळो.